मोहाचं फूल, ठेक्याची दारू

सरावलीच्या वारल्याला दारुडा म्हणता? आधी जुना कायदा वाचा. मोहाची फुलं तो टंचाईत खायचा, सणाला गाळायचा. १८७८ ला गोऱ्या सरकारनं आबकारी कायदा केला. घरची भट्टी गुन्हा, ठेक्याची दारू कायदेशीर! १८९२ ला तर ठाणे-कुलाब्यात फुलांवरच कायदा आला. सणाची दारू उधारीची झाली.

सणाला पिणारा वेगळा, सकाळी हात कापतात म्हणून पिणारा वेगळा. हा दुसरा आजारी. त्यानं एकदम सोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. पुण्यात १९८६ ला निघालेल्या मुक्तांगणची वाट अशी : आधी औषधपाणी, मग सुटलेल्यांची संगत.

माझा बाप रातपाळी करून प्यायचा. सुटावी म्हणून आम्ही त्याला खोलीत कोंडला. डॉक्टरकडं नेला नाही.