भंगारातली मोटार आणि शर्यतीचे मैदान

मोटारीची शर्यत हा राजेरजवाड्यांचा षोक. मोडनिंबच्या कष्टकऱ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ही कथा पुष्कळशी आपल्याच मुलखातून जाते.

कुर्डुवाडीहून मोडनिंबमार्गे पंढरपूरला जाणारी बार्शी लाईटची अरुंद रूळवाट १९०६ साली सुरू झाली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप याचा नियम साधा होता: कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही. भार वाटला म्हणून हलक्या रुळांवर जड कामे झाली. पैसा थोडा असेल तेव्हा यंत्र कसे करावे, याचा हा पहिला धडा आपल्या दारातच मिळाला.

याच बार्शी लाईटच्या कामावर लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेच्या कंत्राटदारीत उतरलेले वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. उलट, मुंबईत १९२८ पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली निघून गेली. सुटे भाग देशातच बनवा, असे सरकारी धोरण ठरले होते. परदेशी मोटारींची आयात आटली. संस्थानिकांच्या गॅरेजांतल्या दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारी सुट्या भागांवाचून गंजू लागल्या, आणि त्यांची मदार लेथवर भाग कातून देणाऱ्या टर्नरवर येऊन पडली.

शर्यती मात्र थांबल्या नाहीत. मद्रासजवळ शोलावरम येथे महायुद्धकाळच्या विमानपट्टीवर त्या भरत. तेथे परदेशी मोटारींच्या बरोबरीने घरगुती फियाटही धावली. ऑटोक्रॉस हा त्याहून गरीब प्रकार. मोकळ्या मैदानात वळणे आखायची, एकेक मोटार सोडायची आणि घड्याळ लावायचे. येथे लांब सरळ रस्ता नाही. म्हणून अफाट ताकदीपेक्षा हलकेपणा, वळण आणि ब्रेक यांनाच मोल.

आता जुनी फियाट घ्या. तिला वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. म्हणून दाराखालची पट्टी आणि तळाचा पत्रा सडला की रंग कितीही चकाको, मोटारीची कंबर मोडलेलीच. मिस्त्री प्रथम हातोडीने ठोकून आवाज ऐकतो. सडका पत्रा कापून नवा वेल्डिंगने बसवितो. मागची आसने, गालिचे काढून वजन उतरवितो. आत नळ्यांचा पिंजरा बांधतो. मोटार उलटली तर माणूस वाचावा म्हणून. मग ब्रेकचे लायनर, पट्टे, टायर, मागचे पाटे. हे सारे झाल्यावर १०८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाकडे वळायचे: रिंगा बदलायच्या, हेड घासून दाब वाढवायचा, कार्ब्युरेटर जुळवायचा.

हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. थोडा पैसा हाती असता जो आधी रंगावर नि ताकदीवर उधळतो आणि ब्रेक उद्यावर टाकतो, तो माणसाच्या जिवावर काटकसर करतो. गिरणीत यंत्राचा वेग वाढवून पट्ट्यावरचे संरक्षक जाळे न बसविणाऱ्याची नीती हीच. काटकसर आणि कंजुषी यांतील सीमा येथे आहे. कामगार चळवळीने ती पूर्वीच ओळखली. चांगला मिस्त्री ती न शिकविता जाणतो.

आज कॅल्थ्रॉपची अरुंद वाट रुंद झाली आहे. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ साली वीस वर्षांची मुदत संपवून रस्ता सोडला. मोटार जाते, याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यासोबत हातातले ज्ञान जाते, ही हानी मोठी. वालचंदांची चरित्रे आहेत, कॅल्थ्रॉपचे नाव ग्रंथांत आहे. करंडकावर मोटार हाकणाऱ्याचे नाव कोरले जाते. सडका पत्रा ओळखणाऱ्या कानाचे नाव कोठे आहे?

पुणे-सोलापूर रस्त्यावर आजही गॅरेजे आहेत. तेथल्या वृद्ध फिटर-टर्नरांकडे शाळेच्या मुलांनी वही घेऊन जावे. त्यांनी काय दुरुस्त केले, कोणत्या हत्याराने केले आणि मजुरी किती मिळाली, हे लिहून आणावे. मजुरीचा आकडा विसरू नये. त्यावाचून यंत्राचा इतिहास अर्धाच राहील.