शून्य बेट आणि बेचिराग गांव

वऱ्हाडांतील जुनीं महसुली दप्तरें चाळणाऱ्यास 'बेचिराग' हा शब्द भेटल्यावांचून राहत नाहीं. ज्या मौज्यांत दिवा लावावयासहि कोणी उरलें नाहीं, त्याच्या नांवापुढें हा शेरा पडे. लोक अशा गांवास 'रीठ' म्हणतात. वस्ती गेली, तरी शीव राहिली आणि नांवहि राहिलें. आजच्या जनगणनेंतहि अशा ओसाड गांवांची नोंद होतेच.

आतां याच्या उलट प्रकार पाहूं. संगणकी नकाशांत प्रत्येक स्थळ अक्षांश व रेखांश या दोन आंकड्यांनीं ओळखलें जातें. हे आंकडे मिळाले नाहींत, म्हणजे पुष्कळदां यंत्र त्या रिकाम्या जागीं शून्य मांडतें. शून्य अक्षांश व शून्य रेखांश जेथें मिळतात, तें स्थळ गिनीच्या आखातांत आहे. तेथें जमीन नाहीं. हवामान मोजणारा एक तरंगता बोया तेवढा तेथें होता. तथापि जगभरच्या चुकलेल्या नोंदी तेथें गोळा होऊं लागल्या, तेव्हां जाणकारांनीं त्यास थट्टेनें 'नल आयलंड', म्हणजे शून्य बेट, असें नांव दिलें. २०११ सालीं 'नॅचरल अर्थ' या नकाशासंग्रहांत, चुका पकडतां याव्या म्हणून, एक चौरस मीटरचें हें कल्पित बेट मुद्दाम घालण्यांतहि आलें.

आंकड्यांची अदलाबदल झाली तरी असाच अनर्थ. आमचें अकोला शहर सुमारें २०.७ अंश उत्तर व ७७ अंश पूर्व येथें आहे. हे आंकडे उलट लिहिले, कीं अकोला स्वालबार्ड बेटांजवळच्या हिमसमुद्रांत जाऊन पडतो. वैशाखांत ही बदली पुष्कळांस रुचेल!

अशा चुका केवळ यंत्रानेंच केल्या असें नव्हे. बंगालची मोजणी करणारे जेम्स रेनेल यांनीं १७९८ सालीं पश्चिम आफ्रिकेच्या नकाशांत 'काँग' नामक पर्वतरांग काढली. ती तेथें नाहींच, हें सिद्ध होण्यास सुमारें नव्वद वर्षें लागलीं. उलट, विल्यम लँबटन दक्षिणेपासून प्रत्यक्ष भूमि मोजीत वर आले आणि १८२३ सालीं, तें काम चालूं असतांच, आमच्या शेजारीं हिंगणघाट येथें निधन पावले.

'ठाऊक नाहीं' आणि 'शून्य' या दोन गोष्टी एक नव्हेत. शून्य हा निश्चित आंकडा आहे; अज्ञानाच्या जागीं तो लिहिणें म्हणजे खोटी साक्ष देणें होय. बेचिराग लिहिणाऱ्या पटवाऱ्यानें अभाव हा अभाव म्हणूनच नोंदविला. आज रुग्णवाहिकाहि नकाशा पाहून निघते. अशा वेळीं त्या जुन्या शेऱ्यांतील प्रामाणिकपणा आमच्या यंत्रांस शिकवावा लागेल.