तळटीप : रिंगरचे पाणी

* लेखक ‘रिंगरचे द्रावण’ म्हणून पुढे जातात. पण गंमत पाण्यातच आहे. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवले. पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचे होते, हे मागाहून कळले. ऊर्ध्वपातित पाणी घेताच ठोके मंदावत थांबले. नळाच्या पाण्यातले कॅल्शियम हेच इंगित (१८८३). दर ठोक्याला हृदयाच्या पेशीत शिरलेले चिमूटभर कॅल्शियम आतल्या कॅल्शियमच्या साठ्याची दारे उघडते आणि कॅल्मोड्युलिन या प्रथिनामार्फत, ज्या वाहिनीतून आले तीच मिटवू लागते. पाहुण्याने आत येऊन स्वतःच कडी लावावी तसे. नंतर बरेचसे साठ्यात परतते. उरलेले बाहेर टाकणारे प्रथिन एका कॅल्शियममागे तीन सोडियम आत घेते, आणि तेही आतून कॅल्शियम चिकटल्यावरच नीट चालते. — संपा.