गावाचा नकाशा आणि आपण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा इतिहासविषयक लेख मागितला, तेव्हा एखाद्या लढाईचा वृत्तांत न लिहिता गावाच्या नकाशाचा इतिहास लिहावा असे मनाने घेतले. त्याचे कारण पुढे ज्ञातिबांधवांच्या ध्यानी येईलच.

आधी विचार करून मग गाव वसविल्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूर. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, १८९१ मध्ये सुरू झालेल्या कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगत, ते वसविले. सरळ रस्ते, समांतर गल्ल्या आणि गल्ल्यांना क्रमांक. आजही तेथील माणूस पत्ता देताना गल्लीचा क्रमांक सांगतो आणि परगावचा पाहुणा बिनचूक घरी पोहोचतो. आमच्यासारख्या आपोआप वाढलेल्या गावात मात्र ‘मारुतीच्या मागे, चिंचेपाशी’ असा पत्ता असतो. ती चिंच तोडून वीस वर्षे झाली! असो.

जयसिंगपूर एका प्रजाहितदक्ष राजाच्या आज्ञेने वसले. पण जे गाव आधीच दाटीवाटीने उभे आहे, त्याचे काय करावे? १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला, तेव्हा हा प्रश्न निकडीचा झाला. घरे पाडून रुंद रस्ते काढणे हाच उपाय, असे त्या काळी अनेक अधिकाऱ्यांस वाटे. १९१४ साली हिंदुस्थानात आलेले स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांना हे मान्य नव्हते. नगररचनेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी जमविलेले नकाशे व चित्रे घेऊन येणारे जहाज युद्धात ‘एम्डेन’ या जर्मन नौकेने बुडविले. तरी गृहस्थ डगमगले नाहीत, नवे साहित्य जमवून त्यांनी प्रदर्शन भरविलेच. ते गावोगाव गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडत आणि पाडावे कमीत कमी, सुधारावे अधिक, असे सांगत. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

होळकरांच्या इंदुरातील त्यांची हकीकत मला विशेष प्रिय आहे. १९१७ च्या दिवाळीत, प्लेगच्या दिवसांत, त्यांनी एक भव्य मिरवणूक काढविली. ज्या भागातील लोकांनी घरे व रस्ते अधिक झाडून, दुरुस्त करून ठेवले असतील, त्या भागातून मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर केले. मग काय विचारता! मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली आणि शहर झळझळीत झाले. मिरवणुकीत उंदराची प्रचंड प्रतिमाही होती. लोकांना सामील करून घेतल्याखेरीज नगररचना होत नाही, हे या परक्या प्रोफेसराने ओळखले होते.

कायद्यास हे उमगावयास वेळ लागला. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा मुख्यत्वे गावाबाहेरील मोकळ्या जमिनीपुरता होता. संपूर्ण गावाची विकास योजना करणे १९५४ च्या कायद्याने आवश्यक ठरविले. त्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला. तो ११ जानेवारी १९६७ पासून अमलात आहे. या अधिनियमाप्रमाणे आधी जमिनीच्या वापराची पाहणी होते. मग रस्ते, शाळा, क्रीडांगण, बाजार, दवाखाना यांच्या जागा नकाशावर आरक्षित होतात. प्रारूप प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात, त्यांची सुनावणी होते आणि अखेरीस शासन मंजुरी देते. दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकास नोटीस देता येते. त्या नोटिशीनंतरची मुदत मूळ कायद्यात सहा महिने होती, २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिने झाली. तेवढ्यात पावले उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होते. पैशाअभावी कित्येक गावांची क्रीडांगणे अशी हातची गेली. त्यात मालकाचा दोष म्हणवत नाही. त्यानेही किती वर्षे थांबावे?

आता आपल्या घरची गोष्ट. वडीलधाऱ्यांनी वर्गणी गोळा करून विद्यार्थी वसतिगृहासाठी अठरा गुंठे जागा घेतली, हे जुन्या सभासदांस ठाऊक आहे. गावाची विकास योजना झाली तेव्हा प्रारूप नकाशा कचेरीच्या भिंतीवर लावलेला होता. घरपट्टी भरण्यास मी त्या भिंतीजवळून दोनदा गेलो. चौतीस वर्षे मुलांना नकाशावाचन शिकविणारा हा शिक्षक क्षणभरही थांबला नाही. हरकतींची मुदत संपून अकरा दिवस झाल्यावर कळले, की प्रस्तावित रस्ता आपल्या जागेच्या मधोमध जातो. विनंतीअर्ज केले, हेलपाटे घातले; परंतु योजना तशीच मंजूर झाली. बाहेरगावच्या गरीब मुलांना आजही भाड्याच्या खोल्यांत राहावे लागते. यात मी इतरांस बोल लावीत नाही. नकाशा मलाच वाचता येत होता.

विकास योजनेची सुधारणा वीस वर्षांतून एकदा तरी व्हावी, असे अधिनियमात आहे. आपल्या गावाची ती वेळ जवळ आली असून पाहणीचे काम सुरू झाले आहे. जागेचा सातबारा, खरेदीखत व मोजणीचा नकाशा मंडळाच्या कपाटात डाव्या खणात ठेवले आहेत. किल्ली कार्यवाहांकडे असते. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी मंडळाच्या कार्यालयात बसतो. ज्यांची घरे, शेते वा दुकाने हद्दीत आहेत, त्यांनी आपला गट क्रमांक घेऊन यावे. तरुणांपैकी दोघेतिघे नकाशा वाचण्यास शिकले, तर मला हवेच आहेत; माझ्या दृष्टीला आता बारीक रेषा दिसत नाहीत.