गोल-किक, ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू पायाने मारून गोलखांबांमधून धाडण्याची क्रिया. गडमुडशिंगीहून कोल्हापुरात येऊन शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहणाऱ्याला हे मैदान नवलाचे वाटेल. दोन्ही टोकांना चार-चार खांब. आडवा दांडा नाही, जाळे नाही, गोलरक्षकही नाही. मधल्या खांबांतून चेंडू गेला की 6 गुण, शेजारच्या फटीतून गेला तर 1.

पूर्वी चेंडू जमिनीवर ठेवून मारत. त्यासोबतच ‘ड्रॉप किक’ रुळली: हातातून सोडलेला चेंडू जमिनीला टेकताक्षणी मारायचा. दिसायला देखणी, पण चिखलात बेभरवशाची.

‘टॉर्पेडो’ किकमध्ये चेंडू तिरका धरतात. तो बंदुकीच्या गोळीसारखा स्वतःभोवती गरगरत लांब जातो, मात्र नेम चुकण्याचा धोका मोठा. 1976 मध्ये नॉर्थ मेलबर्नच्या माल्कम ब्लाइटने कार्लटनविरुद्ध अंतिम भोंगा वाजल्यानंतर अशाच किकने सामना जिंकून दिला.

उभा धरलेला चेंडू जमिनीला टेकण्याआधीच मारणे म्हणजे ‘ड्रॉप पंट’. उलट्या कोलांट्या घेत चेंडू सरळ रेषेत जातो. या अचूकतेमुळे 1970 च्या दशकापासून ड्रॉप किक मागे पडत गेली.

अरुंद कोनातून चेंडू वळवणारी ‘बनाना’ किक वापरतात. अलीकडे अडथळ्याविना निवांत मारायला मिळालेल्या किकसाठीही अनेक खेळाडू कोनातून सरळ न मारता पाय आडवा फिरवून चेंडू वळवतात.

या खेळाच्या सर्वोच्च लीगमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम टोनी लॉकेटच्या नावावर आहे: 1983 ते 2002 या काळात 1,360 गोल.