हाताची चव आणि छापील पान

आपल्याकडे एक मत इतकं रुळलंय की त्याला कुणी पुरावा मागत नाही. स्वयंपाकाचं पुस्तक हे म्हणे मोडलेल्या घराचं लक्षण. आई-सासूच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला पुस्तक लागत नाही. छापील प्रमाण घरात आलं की अंदाज मरतो, हाताची चव जाते आणि घरोघरची आमटी एकाच चवीची होते. सिल्वासाजवळ रांध्यात राहायला आल्यापासून हे मत मी जास्तच ऐकते. इथल्या वारली आणि कोकणा घरांत नागलीची भाकर थापणाऱ्या बायकांनी पाककृतीचं पुस्तक कधी पाहिलेलंही नाही, आणि त्यांच्या भाकरीला तोड नाही. मग पुस्तक हवं कशाला, असं मला विचारतात. प्रश्न खरा आहे. त्याला उत्तरही नीटच द्यायला हवं.

आधी रशियातली एक बाई घेते, कारण तिच्याबद्दलचं मत याच जातीचं आहे. येलेना मोलोखोवेत्स. जन्म 1831, उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्कमधला. आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं आणि पुढे पीटर्सबर्गच्या स्मोल्नी संस्थेत तिचं शिक्षण झालं. लग्न एका वास्तुकाराशी झालं, संसार कुर्स्कमध्ये, दहा मुलं. 1861 साली तिचं पुस्तक निघालं, ‘तरुण गृहिणींना भेट’. पहिल्या आवृत्तीवर तिचं पूर्ण नावसुद्धा नव्हतं. त्यात सुमारे दीड हजार कृती होत्या, शेवटच्या आवृत्त्यांपर्यंत त्या चार हजारांवर गेल्या. 1917 पर्यंत 29 आवृत्त्या निघाल्या आणि तीन लाखांच्या आसपास प्रती खपल्या.

क्रांतीनंतर हीच बाई खादाड, ऐतखाऊ रशियाची खूण ठरली. लोकांना भाकरी मिळेना तेव्हा हिच्या पानांतले मासे आणि पक्वान्नं आठवून माणसं चिडत, हसत. कवी अर्सेनी तार्कोव्स्कीने 1957 मध्ये तिच्या नावाचीच एक जळजळीत कविता लिहिली. राग समजतो. पण पुस्तकाचं नाव पुरतं वाचलं तर हा आरोप तिथेच अडखळतो. उपशीर्षकाचा अर्थ असा : घरखर्च कमी करण्याचा उपाय. आत नोकरमाणसांच्या जेवणाचे वेगळे बेत आहेत, उपासाच्या दिवसांचे आहेत, तळघरात काय किती दिवस टिकतं तेही आहे. ऐतखाऊ घराला हा हिशेब लागत नाही. चार पैसे वाचवायचे असतात तिथेच तो लागतो.

वर्षही पाहा. 1861 मध्येच रशियातली भूदासप्रथा कायद्याने संपली. मुक्ततेमुळे पुस्तक लिहिलं गेलं असं मी म्हणणार नाही, हस्तलिखित आधीच तयार असणार. पण पुढच्या पन्नास वर्षांत ते का खपत राहिलं याचं उत्तर मला तिथे दिसतं. पूर्वी जमीनदाराच्या घरात बिनपगारी हात राबत आणि सगळं ज्ञान त्या हातांत असे. आता माणूस पगार देऊन ठेवायचा, तोही उद्या निघून जाईल. स्वयंपाकघरात काय चालतं ते मालकिणीला स्वतःला कळणं भाग पडलं. पुस्तकाने कुणाच्या हातची चव हिरावली नाही. हात बदलत होते, त्यांच्याबरोबर वाहून जाणारं त्याने धरून ठेवलं. आणि खुद्द येलेनाला शिकवायला आईच नव्हती, हे विसरू नये. डिसेंबर 1918 मध्ये, पेत्रोग्राद उपाशी असताना, ती त्याच शहरात वारली.

आता आपल्या घरात येऊ. एकत्र कुटुंब मोडलं म्हणून पुस्तकं आली, असं असेल तर तारखा जुळायला हव्यात. त्या जुळत नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 चं. तेव्हा कुठली विभक्त कुटुंबं? त्याच्याही आधी तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यातल्या कृती मराठीत उतरवून ठेवल्या गेल्या, त्या तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिल्या. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 चं. त्या पाठारे प्रभू समाजातल्या, आणि पाठारे प्रभूंची घरं तेव्हा भरलेली होती.

आणि सगळ्यात ठाम साक्ष कमलाबाई ओगल्यांची. 1913 साली सांगलीकडच्या कुंडल गावी जन्म, शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या सासूबाईंकडून, म्हणजे हे मत मांडणारे ज्या वाटेचा आग्रह धरतात, अगदी त्याच वाटेने. त्याच कमलाबाईंनी 1970 मध्ये ‘रुचिरा’ दिली. हाताखाली शिकलेल्या बाईलाच पुस्तक लिहावंसं वाटलं, आणि लाखावर घरांना ते हवं झालं. परंपरा तुटल्याची ही खूण असेल तर परंपरेतली बाई ती का करेल?

एक आक्षेप मात्र मी उडवून लावणार नाही : प्रमाण आलं की चव सपाट होते. ग्रॅममध्ये तोलून केलेल्या भाजीत मलाही तो धोका दिसतो. पण कमलाबाईंनी माप वाटी-चमच्याचं धरलं. वाटी ज्याच्या त्याच्या घरची असते, कुणाची लहान, कुणाची मोठी. पुस्तक तुम्हाला वजन सांगत नाही, नातं सांगतं, डाळीच्या किती पट पाणी, पिठाच्या किती पट गूळ. तिखट, आच, हात तुमचाच राहतो. अंदाज मारायचा असता तर त्यांनी तराजू आणला असता.

राहिलं रांधा. इथे पुस्तक नाही आणि चव आहे, हे खरंच. पण ती चव किती हातांत उरली आहे ते जवळून पाहिल्यावर मी अस्वस्थ होते. गेल्या जूनमध्ये, पहिल्या सरींनंतर, शेजारच्या आजींनी रानातून शेवळं आणली. जांभळट, चाबकाच्या टोकासारखी. त्यांच्या ओसरीवर मी निवडायला बसले. वरचं पान सोलायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरायचं. तो पिवळा भाग राहिला किंवा काकडं घातली नाहीत तर घसा असा खाजतो की पाणीही गिळवत नाही. काकडं म्हणजे त्याच रानातली आंबट फळं. ती ठेचून पाण्यात कोळायची आणि त्या रसात भाजी शिजवायची. चिंचेवरही भागतं, पण आजींना ते पटत नाही.

त्यांची नात सुताच्या कारखान्यात पाळीवर जाते. सकाळची पाळी पहाटेच निघते, रात्रीची उजाडल्यावर परतते, आणि शेवळांचा हंगाम पंधरा-वीस दिवसांचा. तिला आजींच्या हाताखाली बसायला वेळ कुठे? तिने आळस केला असं कुणी म्हणू नये. घरातला पगार तिचाच आहे. “पुस्तक नको, हाताखाली शीक,” असं तिला सांगणाऱ्यांनी आधी तिची पाळी बदलून द्यावी.

मी वही घेऊन बसले. काकडं किती, विचारलं. आजींनी मूठ दाखवली. मी ती मूठ त्यांच्याच घरच्या वाटीत ओतायला लावली. वाटी काठोकाठ भरायला दोन बोटं कमी होती. मी ‘पाऊण वाटी’ लिहिलं आणि वाचून दाखवलं. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, पाऊस उशिरा आला असेल तर फळं जास्त आंबट निघतात, तेव्हा कमी घ्यायची, तेही लिही. मी लिहिलं. संध्याकाळी पाळीवर निघताना नातीने त्या पानाचा फोटो काढून नेला.