दोन ट्रंका आणि एक खाण

आईनस्टाईनचा जीभ बाहेर काढलेला फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, होस्टेलच्या खोलीच्या भिंतीवर, कुठे ना कुठे. दुसरा एक फोटो म्हणजे न्यूयॉर्कमधल्या बांधकामावर एका लोखंडी गर्डरवर ओळीने बसून डबा खाणारे अकरा कामगार, पायाखाली काही नाही, खाली थेट शहर. तोही पाहिला असणारच. हे दोन्ही फोटो एकाच संग्रहात आहेत. त्याचं नाव बेटमन आर्काइव्ह. (बॅटमन नव्हे!)

गेले काही वीकेंड या संग्रहाबद्दल मिळेल ते वाचतोय. सुरुवात झाली निव्वळ कुतूहलातून. पण वाचता वाचता लक्षात आलं की आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्या प्रश्नांशी रोज झटापट करतो, म्हणजे काय साठवायचं, कसं शोधायचं, बॅकअप कुठे ठेवायचा, ते सगळे या माणसाला कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी पडले होते. आणि त्यातल्या काहींची त्याने दिलेली उत्तरं आपल्यापेक्षा बरी होती!

ऑटो बेटमनचा जन्म १९०३ साली जर्मनीतल्या लाइपझिग शहरात, एका ज्यू घरात झाला. वडील डॉक्टर. पोरगा इतिहासात डॉक्टरेट करून बर्लिनच्या सरकारी कला-ग्रंथालयात दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात लागला. तिथे असताना त्याने जुन्या हस्तलिखितांमधली, पुस्तकांमधली चित्रं लायका कॅमेऱ्याने टिपायला सुरुवात केली. आज आपल्याला यात काहीच विशेष वाटणार नाही, पण ३५ मिलिमीटर फिल्मचा छोटा कॅमेरा तेव्हा नवाच होता. अख्खं पुस्तक न हलवता त्यातलं चित्र खिशात घेऊन जाता येतं, ही कल्पनाच नवी होती.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू म्हणून बेटमनची नोकरी गेली. १९३५ साली तो अमेरिकेला निघाला. सोबत दोन ट्रंका, आणि त्यात भरलेली चित्रं आणि फिल्म. देश कायमचा सोडताना माणूस काय बरोबर घेतो? बहुतेक जण दागिने, कागदपत्रं, फार तर घरच्यांचे फोटो घेतील. याने इतिहासाची चित्रं घेतली.

न्यूयॉर्कला पोचल्यावर १९३६ साली त्याने बेटमन आर्काइव्ह सुरू केलं. वेळ बरोबर साधली होती. त्याच वर्षी हेन्री ल्यूसचं 'लाइफ' हे फोटोंना वाहिलेलं साप्ताहिक निघालं. मासिकं, जाहिराती, पाठ्यपुस्तकं, सगळ्यांनाच अचानक चित्रं हवी होती. कुणाला कॉफीच्या जाहिरातीसाठी जुनं कॉफीहाउस हवं, कुणाला दात उपटणारा मध्ययुगीन वैदू हवा. आणि ते सगळं उद्या सकाळपर्यंत हवं! (डेडलाइन तेव्हाही अशाच होत्या.)

आता यातली गंमत बघा. बेटमनकडच्या जुन्या चित्रांपैकी बऱ्याच चित्रांवर कुणाचा कॉपीराइटच उरला नव्हता. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम, त्याचा कसला आलाय हक्क? मग लोक पैसे कशाचे देत होते? सापडण्याचे. तेच चित्र जगात आणखी पाच ग्रंथालयांमध्ये पडलेलं असेल, पण ते तिथे आहे हे कुणाला माहीत होतं? बेटमनकडे प्रत्येक चित्राचं एक कार्ड असायचं. त्यावर चित्राची छोटीशी प्रत आणि त्याचं वर्णन. गिऱ्हाईक यायचं ते 'अमुक चित्रकाराचं अमुक चित्र द्या' म्हणत नाही. ते म्हणतं, 'डोकेदुखी दाखवणारं काहीतरी द्या.' ज्याने कार्डं विषयांवरून, कल्पनांवरून लावली, त्यालाच असं गिऱ्हाईक सांभाळता येतं. १९६६ साली तर त्याने या सगळ्याचं एक जाडजूड पुस्तकच काढलं. विषयवार हजारो छोटी चित्रं, चाळा आणि निवडा. आज ज्याला आपण थंबनेल आणि टॅग म्हणतो ते हेच की!

चित्रं विकणारा हा माणूस त्या चित्रांना भुलला मात्र नव्हता, आणि मला तो आवडायला लागला तो इथे. १९७४ साली त्याचं एक पुस्तक आलं. नावाचा अर्थ साधारण असा: 'ते जुने सोन्याचे दिवस? भयंकर होते!' अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यापासून विसावं शतक उजाडेपर्यंतचा जो काळ लोक हळवे होऊन आठवत, त्याच काळातली चित्रं काढून त्याने दाखवलं की रस्त्यांवर घोड्यांची लीद साचलेली असे, दुधात भेसळ होती, कारखान्यांमध्ये लहान मुलं राबत होती, भाड्याच्या चाळवजा इमारतींमध्ये माणसं कोंबलेली होती. गंमत अशी की त्याच संग्रहातली टोप्या, बग्ग्या आणि नाताळची गोंडस चित्रं जाहिरातवाले चाळीस वर्षं उचलत होते. संग्रह तोच, पण आपण काय बघायला गेलो त्यावर इतिहास बदलतो. 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना हे पुस्तक भेट द्यावं असं मला फार वाटतं. असो.

१९८१ साली बेटमनने संग्रह विकला. नव्या मालकांनी १९८४ साली त्यात युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या वृत्तसंस्थेचं प्रचंड फोटोभांडार आणलं. वृत्तसंस्थेने आधी गिळलेल्या जुन्या फोटो एजन्सीजचे फोटोही त्यातच होते. दोन ट्रंकांचे आता लाखो फोटो झाले होते. आणि १९९५ साली हे सगळं विकत घेतलं बिल गेट्सच्या कॉर्बिस या कंपनीने. गेट्सने ही कंपनी १९८९ साली वेगळ्या नावाने काढली होती. कल्पना अशी की उद्या लोकांच्या घरात भिंतींवर स्क्रीन असतील आणि त्यावर हवं ते चित्र बदलत राहील. म्हणजे जो डिजिटल हक्कांचा मालक, तो राजा.

मग सुरू झालं स्कॅनिंग. आणि इथे प्रत्येक इंजिनियरने थांबून जरा आकडे बघावेत. २००१ साली संग्रहात सुमारे १ कोटी ७० लाख फोटो आणि चित्रं होती. तोवर स्कॅन झाली होती सुमारे २ लाख २५ हजार. म्हणजे शंभरातलं जेमतेम एक. गेट्सचा पैसा पाठीशी असताना! मी सहज गणित केलं. प्रत्येक फोटो फक्त पाच सेकंद बघायचा, रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, तरी सगळे फोटो नुसते बघायलाच आठ वर्षं लागतील. स्कॅन करणं, साफ करणं, माहिती टाइप करणं ही कामं वेगळीच.

दरम्यान फोटो मरत होते. विसाव्या शतकातल्या बऱ्याच निगेटिव्ह ज्या अॅसिटेट फिल्मवर आहेत ती हळूहळू विघटित होते. त्यातून अॅसेटिक आम्ल सुटतं. खोलीत चक्क व्हिनेगरचा वास यायला लागतो. हे आम्ल पुढचं विघटन आणखी वेगाने घडवतं आणि शेजारच्या निगेटिव्हलाही लागण होते. फिल्म आकसते, वळते आणि शेवटी वरचा थर सुटून येतो. उपाय एकच, थंडी. म्हणून कॉर्बिसने ठरवलं की न्यूयॉर्कमधून सगळा संग्रह हलवायचा. तो गेला पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बॉयर्स या गावाजवळ, चुनखडीच्या एका जुन्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २२० फूट. तिथे उणे २० अंश सेल्सियस तापमानाचं शीतगृह उभारलं. हिशोब असा की आज नाही, तर शंभर-दोनशे वर्षांनी का होईना, मूळ फोटो शाबूत मिळतील. बेटमनने हे पाहिलं नाही. तो १९९८ साली गेला.

यावर तेव्हा बराच आरडाओरडा झाला. संशोधकांचं म्हणणं, न्यूयॉर्कमध्ये कपाट उघडून फोटो चाळता यायचे, आता शंभरातले नव्व्याण्णव खाणीत पुरले जाणार. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच हा प्रश्न डोक्यातून जात नाही. खाणीत नेलं नसतं तर काही वर्षांत बघायला काही उरलं नसतं. पण खाणीत नेल्यामुळे 'काय आहे ते माहीत नसताना चाळत बसणं' संपलं. सर्चमध्ये तेच सापडतं जे कुणीतरी आधी निवडून, स्कॅन करून, नाव देऊन ठेवलंय. आणि निवडलं काय जातं? जे खपतं ते. आईनस्टाईन आधी, अनोळखी माणसं नंतर.

बरं, स्कॅन झालं म्हणजे तरी सगळं आलं का? वृत्तसंस्थेच्या फोटोच्या मागच्या बाजूला कॅप्शनचा चिकटवलेला कागद असतो, तारखेचे शिक्के असतात. पुढच्या बाजूला कुठे कापायचं त्या संपादकाच्या खुणा असतात. स्कॅन फक्त समोरचा केला तर हे निम्मं अर्धं आयुष्य गळून जातं. कापण्यावरून आठवलं. जीभवाला फोटो आर्थर सास या फोटोग्राफरने १४ मार्च १९५१ रोजी प्रिन्स्टनमध्ये, आईनस्टाईनच्या बहात्तराव्या वाढदिवसाला काढला. मूळ फोटोत आईनस्टाईन गाडीत मागच्या सीटवर, दोन परिचितांच्या मधे बसलाय. दिवसभर फोटोवाल्यांना हसून दाखवून वैतागलेला म्हातारा, इतकाच तो प्रसंग. बाजूची दोन माणसं कापली की तोच 'खोडकर जीनियस' होतो.

आणि ते गर्डरवरचे अकरा जण? तो फोटो २० सप्टेंबर १९३२ चा, रॉकफेलर सेंटरच्या ६९व्या मजल्यावरचा, इमारतीच्या प्रसिद्धीसाठी काढलेला. त्याची काचेची मूळ निगेटिव्ह त्याच खाणीत गेली, आणि ती फुटलेली आहे. कितीतरी लोक तो लुईस हाइनचा फोटो समजत. २००३ साली कॉर्बिसने चार्ल्स एबेट्स या फोटोग्राफरला श्रेय दिलं. पुढे कळलं की त्या दिवशी वर इतरही फोटोग्राफर होते, म्हणून पुन्हा 'अज्ञात'. कामगारांचं तर विचारूच नका. ऐंशी वर्षांनी, २०१२ च्या एका माहितीपटाच्या निमित्ताने केलेल्या शोधातून दोघांची नावं बऱ्यापैकी खात्रीने सांगता आली. बाकीच्यांवर आजही घराघरांतून दावे होतात. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध फोटोंपैकी एक, अकरा चेहरे अगदी स्पष्ट, आणि नावं नाहीत. का? तर त्या दिवशी कुणी लिहून ठेवली नाहीत म्हणून. काच फुटली तरी प्रिंट उरतात, पण न लिहिलेलं नाव कुठल्याही शीतगृहात टिकत नाही.

या कहाणीतला शेवटचा ट्विस्ट २०१६ चा. जानेवारीत कॉर्बिसचा फोटोंचा धंदा व्हिज्युअल चायना ग्रुपशी संबंधित कंपनीला विकला गेला, आणि चीनबाहेरच्या वितरणाचं काम गेटी इमेजेसकडे आलं. कॉर्बिसच्या फोटोंमध्ये १९८९ सालचे तियानानमेन चौकातले फोटोही होते, त्यामुळे अनेकांच्या भुवया उंचावल्या. फोटो नष्ट करायची गरजच नसते हो. सर्चमध्ये येऊ दिला नाही की पुरे. एका हुकूमशाहीतून निसटलेल्या ट्रंका ऐंशी वर्षांनी अशा ठिकाणी पोचल्या, हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो.

आपल्याकडे आता जागेची चणचण नाही. फोनमध्ये हजारो फोटो, क्लाउडवर त्याची प्रत, चेहरा ओळखून गट पाडणारं सॉफ्टवेअर. पण ते सॉफ्टवेअर सांगतं 'ही आणि ती बाई एकच', ती कोण आणि त्या दिवशी काय झालं होतं ते नाही सांगत. घरातल्या जुन्या अल्बममधल्या लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत डावीकडून तिसरे कोण, हे सांगू शकणारं बहुतेक घरांत आता एखादंच माणूस उरलंय. स्कॅनर नंतरही आणता येईल. आधी त्या माणसाशेजारी बसा, एक पेन्सिल घ्या, फोटो उलटा करा आणि नाव लिहा. गाव आणि वर्षसुद्धा.